आधी बिदागी द्या, मग धाडस शिकवा

मागच्या महिन्यात यवतमाळातल्या एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. आयोजक म्हणाले होते, "दोन गाणी क्लॅरिनेटवर वाजवा, मग शाल-श्रीफळ देतो." लोकांनी आग्रह केला म्हणून मी चार वाजवली. मग अध्यक्ष बोलायला उभे राहिले. खऱ्या कलावंताने नोकरीची बेडी तोडली पाहिजे, असा वादक सरकारी बँडमध्ये सडतो हे समाजाचं दुर्दैव आहे, असं त्यांनी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. त्या रात्री मंडपवाल्याला पैसे मिळाले. साउंडवाल्याला, जेवणवाल्याला, हारवाल्यालाही मिळाले. मला आणि माझ्यासोबत तबल्यावर बसलेल्या पोराला एक रुपया मिळाला नाही. त्या पोराचं दारव्ह्याचं एसटीचं भाडं मी खिशातून दिलं.

घरी आलो तर माय जागी होती. भाषणातलं सांगितलं. ती म्हणाली, "त्याले म्हणा, तुह्या पोराले सोडाले लाव नोकरी. आमाले कायले शिकवतं?"

माझ्या मायने शाळा पाहिली नाही. पण त्या मंडपातल्या दोनशे माणसांत जो प्रश्न कोणाला सुचला नाही, तो तिने अंथरुणात बसून विचारला. हा लेख मी तिच्या बाजूने लिहितो आहे.

माझं गाव दारव्हा तालुक्यात. घरी पाच एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. बाबा डफडं वाजवायचे, काका बँड पार्टीत क्लॅरिनेट. मी काकांच्या मांडीवर बसून सूर धरायला शिकलो आणि २००४ साली एका सरकारी बँडमध्ये लागलो. कोणत्या, ते सांगायची गरज नाही. माझं भांडण एका दप्तराशी नाही. २०२४ मध्ये नोकरीला वीस वर्षं पूर्ण झाली. त्याआधी राजीनामा दिला असता तर नियमाप्रमाणे मागची सगळी सेवा पेन्शनच्या हिशेबातून बाद झाली असती. वीस वर्षं भरली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि शेवटच्या मूळ पगाराच्या निम्म्यापर्यंत पेन्शन बसते. म्हणजे दार आता उघडं आहे. म्हणूनच तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, "मग, सोडतोस का?"

सोडायची इच्छा आहे, हे आधी कबूल करतो. वीस वर्षं मी त्याच धून वाजवल्या. झेंडा, परेड, पाहुण्याची सलामी, शोकसलामी. रीड संपलं तर खिशातून आणायचं. सणासुदीला बाकीची कामं करायची, सरावाचा तास त्यातच जायचा. वीस वर्षांत कामावर मी एकदाही यमन वाजवला नाही. श्वास माझा असतो, पण त्याचं काय करायचं ते कधीच माझ्या हाती नसतं. माझ्या डोक्यात आठ जणांचा एक वाद्यवृंद आहे. त्यात माझं क्लॅरिनेट, बाबांचं डफडं, भजनी मंडळातली पेटी आणि खंजिरी, आणि केळापूर-झरीकडच्या परधानांची किंगरी. गोंडांच्या देवांच्या आणि राजांच्या कथा परधानांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाद्यावर जपल्या, ते वाद्य याच जिल्ह्यात आहे आणि याच जिल्ह्यातल्या कितीतरी लोकांनी ते कधी ऐकलेलं नाही. मला ते यवतमाळच्या दत्त चौकातल्या माणसाला ऐकवायचं आहे. त्यासाठी नोकरी सोडावी लागेल, कारण असं काम रविवारी दुपारी दोन तासांत होत नाही.

आणि तरी मी सोडत नाही. का, ते नीट ऐका.

मी बारा वर्षांचा असेन. मे महिना, गावातल्या मोठ्या घरचं लग्न. काकांनी वरातीपासून लग्न लागेपर्यंत चार तास क्लॅरिनेट फुंकलं. ओठ सुजले होते. पंगती उठल्या, मग बँडवाल्यांना बोलावणं आलं, मांडवाच्या बाहेर, गोठ्याच्या भिंतीला लागून. पत्रावळी वरून वाढल्या गेल्या. मी काकांना विचारलं, आपण आत का नाही बसलो? काका काही बोलले नाहीत. २००५ साली त्याच घरात पुन्हा लग्न होतं. मी नोकरीला लागलो होतो. घरमालकाने मला हात धरून पहिल्या पंगतीत बसवलं. बोटं तीच होती, वाद्य तेच होतं, किंबहुना काका माझ्यापेक्षा चांगलं वाजवायचे. फरक फक्त महिन्याच्या पगाराचा होता.

ज्यांना सुरक्षित नोकरी म्हणजे फक्त पैसा वाटतो, त्यांनी हा फरक कधी अंगावर घेतलेला नाही. आमच्याकडे वाजवणं हा छंद म्हणून आला नाही, ते जातीने वाट्याला आलेलं काम होतं. बाबासाहेबांनी गावकीची लाचारीची कामं टाकून द्यायला सांगितली, तेव्हा अनेकांनी स्वाभिमानासाठी वाद्यंसुद्धा खाली ठेवली. बरोबर केलं त्यांनी. आमच्या घराने वाद्य सोडलं नाही. ते सन्मानाने वाजवायची एकच जागा आम्हाला सापडली, ती पगाराची. आज मला सांगतात, ती जागा सोड. सोडून बसू कुठे? गोठ्याच्या भिंतीला?

दुसरी गोष्ट याच जिल्ह्याची आहे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे अनेक वर्षं गावचे सरपंच होते. शेतकरी होते आणि गाण्याची जाण असलेले, भजनात रमणारे माणूस होते. १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळ दत्तपूरला त्यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्राने जाहीरपणे नोंदवलेली ती पहिली शेतकरी आत्महत्या मानतात. दरवर्षी १९ मार्चला त्यांच्यासाठी लोक उपवास करतात. त्या घरात गाणं होतं. प्रतिष्ठा होती. जमीन होती. नव्हतं ते फक्त महिन्याच्या महिन्याला येणारं उत्पन्न. या जिल्ह्यात राहून जो माणूस पगाराला बेडी म्हणतो, त्याने चिलगव्हाणला जाऊन यावं आणि मग भाषण करावं.

माझ्या पगारावर पाच एकरांचं पीककर्ज फिटतं, बहिणीचं लग्न झालं, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शेजारच्या घरात पगार नाही. तिथला माझ्या वयाचा माणूस माझ्याइतकाच राबतो आणि दर जूनला सावकाराच्या दारात उभा असतो. त्याचा पोरगा पहाटे चारला भरतीसाठी डांबरी रस्त्यावर पळतो. त्याला मी जाऊन सांगू की मी नोकरीवर लाथ मारतोय?

आता धाडसाची उदाहरणं. ती मला नेहमी ऐकवली जातात, म्हणून एकदाचा हिशेब करू.

पंडित रविशंकर १९४९ ते १९५६ दिल्ली आकाशवाणीत होते. १९५२ साली तिथे राष्ट्रीय वाद्यवृंद उभा राहिला, तो त्यांच्याच हातून. १९५६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि त्याच वर्षी ते युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. हरिप्रसाद चौरसिया १९५७ साली कटक आकाशवाणीत लागले, मुंबईला बदली झाली, आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगची कामं हाताशी आली तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. दोघेही थोर. पण नीट पाहा. त्यांनी एका पैसे देणाऱ्या दारातून दुसऱ्या पैसे देणाऱ्या दारात पाऊल टाकलं. समोर स्टुडिओ होता, दौरा होता, तिकीट काढून बसलेला श्रोता होता. मी दारव्हा रोडवर पाऊल टाकलं तर समोर कोण आहे?

त्याच मुंबईत शेकडो गोवेकर वादक होते. हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद त्यांच्या व्हायोलिनवर आणि ट्रम्पेटवर उभा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले एक. १९५८ साली त्यांनी हिंदुस्थानी रागांसाठी सिंफनी वाद्यवृंद उभा केला, आणि १९६५ मध्ये तो सगळा पसारा मागे ठेवून अमेरिकेला गेले. मागे राहिलेले बहुतेक जण रोजंदारीवर वाजवत राहिले. पुढे कीबोर्ड आला, एका माणसाच्या दहा बोटांत चाळीस व्हायोलिनं बसली, आणि ती माणसं घरी गेली. सिनेमाच्या पाटीवर नाव नव्हतं, हातात पेन्शन नव्हती. धाडसाच्या भाषणात हे लोक कधी येत नाहीत.

आणि आपले विष्णु दिगंबर पलुस्कर. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येक मराठी कलावंताला त्यांचं नाव सांगितलं जातं. मिरजेच्या संस्थानाचा आश्रय होता, गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथेच होते. गवयाला समारंभात बरोबरीची जागा मिळत नाही, हा अपमान त्यांना सहन झाला नाही. १८९६ मध्ये ते बाहेर पडले. काकांची पत्रावळ आणि पलुस्करांचा तो अपमान, मला एकच गोष्ट वाटते. पण पलुस्करांचं खरं धाडस मिरज सोडण्यात नव्हतं. त्यांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली. ऐकायचं असेल तर पैसे मोजा, असं समाजाला तोंडावर सांगितलं, हे ते धाडस. मग ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईला. आणि शेवट काय झाला? मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी गेली. ज्याने या देशाला गाणं शाळेत शिकता येतं हे दाखवलं, त्याच्या शाळेची इमारत समाजाने कर्जात बुडू दिली. पलुस्करांनी आपली बाजू पूर्ण पाळली. ऐकणाऱ्यांनी आपली पाळली नाही. सव्वाशे वर्षं झाली, अजूनही पाळलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. नोकरी सोडावी की नाही, हा सवाल वादकाच्या छातीचा नाही. तो ऐकणाऱ्याच्या खिशाचा आहे. आणि तो गेली शंभर वर्षं चुकीच्या माणसाला विचारला जातो आहे.

यवतमाळ जिल्ह्यात आज वादकाची कमाई कशावर अवलंबून आहे ते पाहा. लग्नावर. लग्न मुहूर्तावर, आणि मुहूर्त पंचांगावर. चातुर्मास कोरडा. २०२६ साली ऐन हंगामात, १७ मेपासून, अधिक ज्येष्ठ. तो महिना गेला. उरलेली लग्नं कापसावर. २०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला तेव्हा सुपाऱ्या आल्या. भाव सात हजारांवर घसरला तेव्हा पहिली काट बँडवर बसली. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क तात्पुरतं उठवलं. अशा एका निर्णयाने दिग्रसच्या व्यापाऱ्याचा भाव पडतो आणि आर्णीच्या ट्रम्पेटवाल्याची सुपारी रद्द होते. हा माणूस पावसाला, पंचांगाला, दिल्लीला आणि नवरदेवाच्या बापाला, चौघांनाही बांधलेला आहे. त्याला स्वतंत्र कलावंत म्हणणं ही थट्टा आहे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. लग्नाचा अख्खा हंगाम गेला. पुढचाही, मोजक्या माणसांच्या मर्यादेत, गेला. माझा पगार सुरू होता. माझ्या चुलतभावाने ट्रम्पेट विकला, मग ड्रम विकले, मग पुण्याला गोदामात माल उचलायला गेला. तो परत वाजवायला आलेला नाही. माझ्यापेक्षा तो कमी कलावंत होता का? तो माझ्यापेक्षा सरस होता. त्याने नोकरीचा फॉर्म भरला नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा.

जिथे पैसे आहेत, तिथे ते डीजेला जातात. आमच्या यवतमाळ शहराच्या दुर्गोत्सवाचा आम्हाला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. देखाव्यांवर खर्च होणाऱ्या पैशाची चर्चा लांबवर होते. त्या पैशातला किती वाटा हाताने वाद्य वाजवणाऱ्या माणसाला मिळतो, हे प्रत्येक मंडळाने आपल्या जमाखर्चात बघावं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. भिंतीएवढे स्पीकर त्या मर्यादेच्या किती वर जातात हे प्रत्येकाच्या छातीला कळतं. तो नियम नीट पाळला गेला तर उद्याच दहा वाजवणाऱ्यांना काम मिळेल, कारण माणसाचा श्वास भिंती हादरवत नाही. म्हणजे कायदा आमच्या बाजूचा आहे, आणि तो मोडणाऱ्याला वर्गणी आहे.

जे स्वतःला रसिक म्हणवतात त्यांच्याबद्दल मी जास्त कठोर आहे. डीजेवाला मला कलेवर भाषण देत नाही. रसिक देतो. रसिकाला कार्यक्रम सेवा म्हणून हवा असतो. देवाच्या नावावर, पुण्यतिथीच्या नावावर, गावाच्या नावावर, ओळखीच्या नावावर. "तुम्हाला पगार आहेच की," असं म्हणतो, आणि ज्याला पगार नाही त्याला म्हणतो, "तुझी प्रसिद्धी होईल." पंचवीस वर्षांत माझी एवढी प्रसिद्धी झाली की तिच्यावर एक किलो तूरडाळ आली नाही. आणि मी फुकट वाजवतो तेव्हा मी फक्त माझं नुकसान करत नाही. पगार नसलेल्या प्रत्येक वादकाचा भाव मी शून्यावर आणतो. हे पाप मी वीस वर्षं केलं. माझ्या चुलतभावाचा ट्रम्पेट विकला गेला त्यात माझा वाटा आहे.

राहता राहिलं सरकार. एकाच मालकाच्या भरवशावर कला ठेवली की काय होतं, हे पेटीला विचारा. १९४० साली आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी घातली गेली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. एकतीस वर्षं! देश स्वतंत्र झाला, पेटी झाली नाही. आज बंदी घालायची गरजही उरली नाही. वादक निवृत्त होतो, जागा रिकामी राहते, काही वर्षांनी कागदावरूनही पुसली जाते. शाळेत संगीताचा कायम शिक्षक सापडेनासा झाला. आणि माझ्या मागून, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या पोरांना जुनी पेन्शनही राहिली नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप करावा लागला. म्हणजे ज्या सुरक्षिततेचा मला टोमणा मारता, ती माझ्यासोबतच संपत चालली आहे.

हे फक्त आपलं दुखणं नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या नामांकित वाद्यवृंदाने २०११ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. मिनेसोटात व्यवस्थापनाने २०१२ च्या ऑक्टोबरपासून वादकांना पंधरा महिन्यांहून जास्त काळ बाहेर ठेवलं. जर्मनीत १९९२ साली सरकारी पैशावर चालणारे १६८ वाद्यवृंद होते, आता सुमारे १३० आहेत. पण हा घटलेला आकडाही काय सांगतो? वादकाला महिन्याचा पगार देणं हे रस्ता बांधण्यासारखं समाजाचं काम आहे, असं एका देशाने ठरवलं आणि निभावलं. तिथे कोणी वादकाला म्हणत नाही की पगार सोड, मग तुला खरा मानू.

म्हणून माझा निर्णय जाहीर करतो. मी नोकरी सोडत नाही. माझा दुसरा निर्णयही ऐका. आजपासून मी कुठेही फुकट वाजवणार नाही. देवळात नाही, सत्कारात नाही, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला नाही. परवानगी लागते ती रीतसर घेईन, आणि जी बिदागी मिळेल ती सोबतच्या बिनपगारी वादकांत वाटली जाईल. रविवारी गावात दहा पोरांना शिकवतो, त्यांना पहिल्या दिवशी सूर लावण्याआधी एक गोष्ट सांगतो. इसार घेतल्याशिवाय वाद्य पिशवीतून काढायचं नाही.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या घरी या हंगामात लग्न असेल. वाजवणारे बोलवाल तेव्हा भाव आधी ठरवा, अर्धे पैसे आधी द्या, उरलेले वरात दारात आली की त्याच जागी द्या. त्यांना मांडवात, पाहुण्यांच्या पंगतीत बसवा. मंडळाचे पदाधिकारी असाल तर वर्गणीतला ठरावीक वाटा हाताने वाजवणाऱ्यांसाठी ठरावात लिहून ठेवा. शाळेच्या समितीवर असाल तर संगीत शिक्षकाची जागा मागा आणि ती मिळेपर्यंत मागत राहा. नगरपालिकेत असाल तर शहराचा एक वाद्यवृंद उभा करा, त्यात किंगरीवाल्याला महिन्याचा पगार द्या.

हे सलग पाच वर्षं करा. सहाव्या वर्षी मी स्वतः अर्ज लिहून ठेवतो. तोवर मला धाडस शिकवायला कोणी माझ्या दारात येऊ नये. आमचे काका त्या गोठ्याच्या भिंतीला जेवून गेले. ते आता नाहीत. त्यांच्या त्या दिवसाच्या सुपारीतले निम्मे पैसे अजून बाकी आहेत.